यमाताराजभानसलगं आणि कोडिंग: डिस्क्रीट मॅथ्स कशासाठी शिकायचं?

प्रश्न असा आलाय: "मॅडम, मी डिप्लोमा करून थेट एसई कॉम्प्युटरला (इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला) आलो. डिस्क्रीट मॅथ्स नावाचा विषय आहे. सेट, रिलेशन, ग्राफ, परम्युटेशन असं शिकवतात. मी आतापर्यंत दोन छोटी अ‍ॅप बनवली, त्यात यातलं काहीच लागलं नाही. विषय खरंच कामाचा आहे, की पास होण्यापुरता करावा?"

मी २२ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यातली बरीचशी बग शोधण्यात गेली, आणि त्यातले निम्मे माझेच होते. तेव्हा सरळ सांगते. तुझ्या दोन अ‍ॅपमध्येही हे गणित होतंच, फक्त डेटा इतका थोडा होता की चूक असती तरी दिसली नसती. दहा-वीस युजरमध्ये काहीही चालून जातं.

आधी नावाचं बघू. पुस्तकी मराठीत याला विविक्त गणित म्हणतात, पण कॉलेजात तो शब्द कुणाच्या तोंडी नाही. दूध आणि अंडी डोळ्यांसमोर आण. दूध अर्धा लिटर मिळतं, सव्वा लिटर मिळतं, मापात थोडं इकडेतिकडे झालं तरी ते दूधच. अंडी मात्र मोजून घ्यायची, सव्वा अंडं कुणी देत नाही. तुझं एम-थ्रीचं, म्हणजे मॅथ्सच्या तिसऱ्या पेपराचं गणित दुधाचं, आणि डिस्क्रीट म्हणजे अंड्यांचं. कॉम्प्युटरच्या आत जे काही आहे, बिट, रेकॉर्ड, युजर, फाइल, नेटवर्कची जोडणी, ते सगळं अंड्यांसारखं सुटंसुटं आहे. (एम-थ्री म्हणून सोडून देऊ नकोस. मशीन लर्निंगकडे गेलास तर तेच दूध लागेल.)

आता एक गोष्ट जी तुला बहुतेक आधीच पाठ आहे. शाळेत मराठी व्याकरणात वृत्तं होती ना? भुजंगप्रयात म्हणजे चार 'य' वगैरे. गण लक्षात ठेवायला बाईंनी घोकून घेतलं असेल: यमाताराजभानसलगं. लघु म्हणजे ल आणि गुरू म्हणजे ग. तीन अक्षरांचा एक गण, प्रत्येक जागी दोन शक्यता, म्हणजे २ × २ × २ = ८ गण. इथपर्यंत पुस्तकातलं. गंमत पुढे आहे. ही ओळ लघु-गुरूत लिहून काढ:

ल ग ग ग ल ग ल ल ल ग

पहिली तीन अक्षरं घे: लगग, हा य गण. एक अक्षर पुढे सरक: गगग, म. आणखी एक: गगल, त. मग गलग, र. लगल, ज. गलल, भ. ललल, न. शेवटी ललग, स. आठही गण आले, एकही दोनदा आला नाही, एकही सुटला नाही. आठ गण सुटे लिहायचे तर २४ अक्षरं लागली असती, इथे १० मध्ये काम झालं. शिवाय शेवटची दोन अक्षरं 'लगं' ही सुरुवातीच्या 'यमा'सारखीच, ल आणि ग. ती एकमेकांवर चिकटवली की आठ अक्षरांचं वर्तुळ होतं. ल च्या जागी ० आणि ग च्या जागी १ लिही: ०१११०१००. कॉम्प्युटर सायन्समध्ये याला डी ब्रॉइन सीक्वेन्स म्हणतात. डच गणिती डी ब्रॉइनचा त्यावरचा निबंध १९४६ चा. तीन बिटांसाठी अशी वर्तुळं फक्त दोन आहेत. एक आपलं, दुसरं तेच उलटं वाचलेलं.

ही ओळ घोकूनच माहीत होती की बसून काढता येते? काढता येते, आणि काढायची रीत ग्राफ थिअरीतली, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या गणितातली आहे. कागदावर चार खोल्या काढ: लल, लग, गल, गग. 'लग' खोलीत उभा आहेस. पुढचं अक्षर ग आलं तर शेवटची दोन अक्षरं गग होतात, म्हणजे तू गग खोलीत गेलास, आणि त्या वाटेचं नाव लगग, य गण. ल आलं तर गल खोलीत, वाटेचं नाव लगल, ज गण. प्रत्येक खोलीतून दोन वाटा बाहेर आणि दोन आत. लल आणि गग या खोल्यांतली एकेक वाट फिरून त्याच खोलीत येते. एकूण वाटा आठ, म्हणजे आठ गण. प्रश्न उरतो तो एवढाच की प्रत्येक वाटेने एकदाच जाऊन पुन्हा सुरुवातीच्या खोलीत येता येईल का.

हाच प्रश्न स्विस गणिती ऑयलरने १७३६ सालच्या निबंधात सोडवला होता. गाव क्योनिग्सबर्ग, आजचं रशियातलं कालिनिनग्राद. नदी, जमिनीचे चार भाग, त्यांना जोडणारे सात पूल. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरून येता येईल का? ऑयलरने नकाशा बाजूला ठेवला आणि पूल मोजले. एखाद्या भागात एका पुलाने आलास तर दुसऱ्याने बाहेर पडणार, म्हणजे पूल जोडीजोडीने संपतात. सुरुवात आणि शेवट सोडून सगळीकडे पुलांची संख्या सम हवी. तिथे ती ५, ३, ३, ३ होती. चारही विषम, विषय मिटला. आपल्या चार खोल्यांत प्रत्येक ठिकाणी दोन आत, दोन बाहेर, आणि कुठूनही कुठेही जाता येतं, म्हणून फेरी होते. डीएनएचे छोटे छोटे तुकडे वाचून अख्खा जीनोम जुळवणारे प्रोग्रॅम अशाच खोल्या आणि वाटा बनवून त्यावरून चालतात. तुझ्या सिलॅबसमध्ये हे 'ऑयलर पाथ अँड सर्किट' अशा एका ओळीत उरकलेलं असेल.

गणांच्या ओळीत जे पाहिलंस तेच मी रोज ऑफिसात करते. शक्यता एकूण किती? सगळ्या आल्या का? एखादी दोनदा आली का? कोड लिहिण्याआधी हे तीन प्रश्न विचारायची सवय लागली की निम्मं डिस्क्रीट मॅथ्स आलं असं मी धरते. ही सवय नसताना काय होतं त्याचे दोन किस्से सांगते.

पहिला किस्सा पार्सलचा. एका कुरिअरवाल्यांचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. गोडाऊनवर पार्सल आलं की गिऱ्हाइकाला सहा आकडी रँडम कोड जायचा, काउंटरवर कोड सांगायचा, पार्सल घ्यायचं. रिव्ह्यूत मी विचारलं, दोन पार्सलांना एकच कोड आला तर? उत्तर आलं, "मॅडम, कोड १० लाख आहेत आणि एका वेळी गोडाऊनमध्ये पार्सलं जेमतेम १२००. हजारात एक शक्यता." मलाही ते तेव्हा पटलं. घाईत होते, हे कबूल करते. काही दिवसांनी एकाच्या हातात दुसऱ्याचा मिक्सर पडला आणि तो घेऊन घरी गेला.

हिशोब कुठे चुकला? हजारात एक ही शक्यता एका ठरावीक पार्सलाची, की त्याचा कोड आणखी कुणाशी जुळेल. आपल्याला मात्र कुठल्याही दोघांची टक्कर नको होती, म्हणून पार्सलं मोजून चालणार नव्हतं, जोड्या मोजायला हव्या होत्या. १२०० पार्सलांच्या जोड्या १२०० × ११९९ ÷ २ = ७,१९,४००. प्रत्येक जोडी जुळण्याची शक्यता १० लाखात एक. म्हणजे निदान एक टक्कर होण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच, साधारण ५१ टक्के. कुठल्याही दिवशी! मग रोज बोंब का झाली नाही? कारण काउंटरवरचा मुलगा कोडबरोबर नावही विचारायचा. ज्या दिवशी गर्दीत त्याने नाव विचारलं नाही, त्या दिवशी मिक्सर गेला. वर्गात २३ जण असले की दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते, हे कोडं तू ऐकलं असशील. तेच हे. दुरुस्ती दोन ओळींची होती: चालू पार्सलांमध्ये कोड युनिक असलाच पाहिजे अशी डेटाबेसला अट, आणि टक्कर झाली तर नवा कोड. ३२ बिटांचा हॅश (डेटावरून सूत्राने काढलेला ठरावीक लांबीचा आकडा) 'युनिक आयडी' म्हणून वापरायचा मोह झाला तर लक्षात ठेव, त्याच्या किमती ४२९ कोटींच्या वर आहेत, तरी साधारण ७७ हजार रेकॉर्डलाच टक्कर होण्याची शक्यता निम्म्यावर येते.

दुसरा किस्सा एका पतसंस्थेचा, आणि तो लॉजिकचा आहे. महिनाअखेरीला थकबाकीदारांची यादी काढायची होती. क्वेरी अगदी साधी: ज्या सभासदांचा क्रमांक या महिन्याच्या भरण्याच्या टेबलात नाही, ते दाखव. डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल भाषेतलं 'नॉट इन'. एका महिन्यात यादी रिकामी आली. मॅनेजर खूश, एकही थकबाकीदार नाही! कॅशिअर मात्र हसत होता, त्याला गाव माहीत होतं.

भरण्याच्या टेबलात एका ओळीत सभासद क्रमांक भरायचा राहिला होता. तिथे नल, म्हणजे 'किंमत भरलेली नाही' अशी खूण. 'यादीत नाही' याचा अर्थ एसक्यूएल असा लावतं: पहिल्याशी समान नाही, आणि दुसऱ्याशी समान नाही, आणि तिसऱ्याशी समान नाही, असं शेवटपर्यंत. 'यापैकी कुठलाही नाही' हे 'हाही नाही आणि तोही नाही' असं फोडणं म्हणजे डी मॉर्गनचा नियम. (डी मॉर्गनचा जन्म १८०६ मध्ये आपल्या मदुराईचा, हे मला फार उशिरा कळलं.) आता 'नलशी समान नाही' हे खरं की खोटं? दोन्ही नाही, 'माहीत नाही'. खरं आणि माहीत नाही यांचं 'आणि' केलं की उत्तर माहीत नाही. आणि एसक्यूएल ज्या ओळीसाठी अट ठाम खरी ठरते तेवढीच ओळ देतं. एका रिकाम्या खान्यामुळे सगळे थकबाकीदार गायब. ट्रुथ टेबल हा परीक्षेतला सगळ्यात कंटाळवाणा प्रश्न वाटतो ना? त्यात खरं-खोटं यांच्या जोडीला तिसरी किंमत घाल आणि 'आणि', 'किंवा'चं टेबल स्वतः भर. नऊ ओळींचं आहे, पाच मिनिटं लागतात, आणि नोकरीत ही चूक तू एकदा तरी वाचवशील.

लॉजिकबद्दल आणखी एवढंच. इंग्रज गणिती जॉर्ज बूलने १८५४ मध्ये खऱ्या-खोट्याचं बीजगणित मांडलं, तेव्हा त्याच्यासमोर कुठलं यंत्र नव्हतं. १९३७ मध्ये क्लॉड शॅननने एमआयटीतल्या मास्टर्सच्या प्रबंधात दाखवलं की रिले आणि स्विचची सर्किटं याच बीजगणिताने मांडता येतात, सोपी करता येतात. तुझ्या प्रोसेसरमधली गेट्स तिथून आलेली.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, कॉम्बिनेटरिक्स, म्हणजे शक्यता मोजायचं आणि मांडायचं गणित. एखाद्या अ‍ॅपमध्ये १० सेटिंग आहेत, प्रत्येक चालू किंवा बंद. सगळ्या शक्यता तपासायच्या तर १०२४ चाचण्या. टेस्टर म्हणेल रिलीज पुढच्या वर्षी करू. पण बरेचसे बग दोन सेटिंगच्या भांडणातून येतात: डार्क मोड चालू आणि मराठी भाषा चालू असली की बटण दिसत नाही, अशा जातीचे. म्हणून अट थोडी सैल करू. कुठलीही दोन सेटिंग घे, त्यांच्या चारही अवस्था (दोन्ही बंद, दोन्ही चालू, फक्त पहिलं चालू, फक्त दुसरं चालू) निदान एकेकदा तपासल्या जाव्यात. किती चाचण्या लागतील? मनात एक आकडा धर.

सहा.

पटत नसेल तर बनवून बघ. पहिल्या चाचणीत दहाही सेटिंग बंद. उरल्या पाच चाचण्या. प्रत्येक सेटिंग या पाचपैकी नेमक्या तीन चाचण्यांत चालू ठेवायचं, आणि हे तिघांचं त्रिकूट प्रत्येक सेटिंगचं वेगळं हवं. पाचातून तीन निवडायचे प्रकार किती? १०. सेटिंगही १०, नेमकं जमलं. आता कुठलीही दोन सेटिंग उचल. दोन्ही बंद: पहिली चाचणी. दोन्ही चालू: एकाच्या तीन जागा, दुसऱ्याच्या तीन, मिळून सहा जागा पण चाचण्या पाचच, म्हणजे निदान एका चाचणीत दोन्ही चालू असणारच. राहिलं एक चालू आणि एक बंद: दोघांची त्रिकुटं सारख्या आकाराची पण वेगळी, म्हणून प्रत्येकात निदान एक अशी चाचणी आहे जी दुसऱ्यात नाही. झालं सिद्ध. सहा वस्तू पाच खणांत ठेवल्या की एका खणात दोन येणार, या वाक्याला पिजनहोल प्रिन्सिपल असं भारदस्त नाव आहे आणि त्यावर परीक्षेत मोजे-हातमोज्यांची उदाहरणं येतात. खरं काम ते असं करतं. तीन सेटिंग एकत्र आल्यावरच फुटणारा बग या सहांतून निसटू शकतो, हेही टेस्टरला सांगावं लागतं. पण १०२४ ऐवजी सहा म्हटल्यावर तो चहा पाजतो.

अशा मांडण्यांच्या गणिताशी एका मराठी माणसाचं नाव कायमचं जोडलेलं आहे. ऑयलरने १७८२ मध्ये अंदाज बांधला होता की ६, १०, १४, १८ अशा आकाराचे ठरावीक प्रकारचे जोड-लॅटिन चौरस बनूच शकत नाहीत (प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत प्रत्येक चिन्ह एकदाच येणारे दोन चौरस एकावर एक ठेवायचे, आणि चिन्हांची प्रत्येक जोडी एकदाच यायला हवी). शरदचंद्र शंकर श्रीखंडे, राजचंद्र बोस आणि पार्कर या तिघांनी १९५९ मध्ये दाखवलं की सहा सोडला तर यातले सगळे बनतात. बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले आणि २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेले. कॉम्प्युटरच्या मुलांना हे नाव कुणी सांगत नाही याची मला जरा चीड आहे.

इंडक्शन म्हणजे पहिल्यासाठी खरं, आणि एकासाठी खरं तर पुढच्यासाठीही खरं, असं दाखवून सगळ्यांसाठी सिद्ध करायची रीत. त्याबद्दल तुझी तक्रार मी न विचारताच ओळखते: १ पासून n पर्यंतच्या बेरजेचं सूत्र सिद्ध करून काय मिळणार? पण पुन्हा वृत्ताकडे ये. मात्रावृत्तात लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. आठ मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? शेवटचं अक्षर लघु असेल तर आधी सात मात्रा, गुरू असेल तर आधी सहा. म्हणजे आठचं उत्तर म्हणजे सातचं अधिक सहाचं. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४. उत्तर ३४. जगात याला फिबोनाचीचे आकडे म्हणतात. त्याचं पुस्तक १२०२ चं, आणि जैन पंडित हेमचंद्राने छंदांच्या संदर्भात हे सुमारे ११५० मध्येच लिहिलं होतं, विरहांकाने त्याच्याही कितीतरी आधी. इंटरव्ह्यूमध्ये हाच प्रश्न वेष बदलून येतो: एक किंवा दोन पायऱ्या चढत अमुक पायऱ्यांचा जिना किती प्रकारे चढाल? मोठा प्रश्न त्याच जातीच्या लहान प्रश्नांत मोडणं म्हणजे रिकर्शन, आणि ते मोडणं बरोबर आहे याची खात्री म्हणजे इंडक्शन.

मात्र कागदावरच्या खात्रीला मशीनवर एक फट असते. बायनरी सर्च घे: क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी मधली जागा बघायची आणि नको ती निम्मी यादी सोडून द्यायची. मधली जागा काढायला डावं टोक अधिक उजवं टोक, भागिले दोन. इंडक्शनने सुंदर सिद्ध होतं. जावाच्या लायब्ररीत हाच कोड सुमारे नऊ वर्षं होता. तो लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉकनेच २००६ मध्ये जाहीर केलं की त्यात बग आहे. दोन टोकांची बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या वर गेली की ३२ बिटांत मावत नाही आणि उत्तर ऋण येतं. सिद्धता चुकली नव्हती. ती ज्या पूर्णांकांसाठी होती ते अनंत आहेत, आणि मशीनमधले घड्याळाच्या काट्यासारखे फिरून मागे येतात. हेच मॉड्युलर अंकगणित, तुझ्याच पुस्तकात दोन धड्यांनंतर. दुरुस्ती: टोकांची वजाबाकी करून, निम्मी करून डाव्या टोकात मिळवायची.

बाकीचं भरभर. रिलेशन आणि पार्शल ऑर्डर (कोण कशाच्या आधी यायला हवं ते): एक्सेलमध्ये ए-वन बी-वनवर आणि बी-वन ए-वनवर अवलंबून ठेवलं की सर्क्युलर रेफरन्सची तक्रार येते ना, ती म्हणजे ग्राफमध्ये सापडलेलं वर्तुळ. प्रोजेक्टची कुठली फाइल आधी कंपाइल करायची हे ठरवणं तिथलंच. अविभाज्य संख्या आणि मॉड्युलो: संदेश गुप्त करून पाठवायची १९७७ ची आरएसए पद्धत यावर उभी आहे. लॅटिस वगैरे परीक्षेपुरतं केलंस तरी मी रागावणार नाही, २२ वर्षांत मला ते दोनदा लागलं.

अभ्यास कसा करायचा? सूत्र आलं की आधी लहान आकड्यांसाठी सगळ्या शक्यता छापणारा प्रोग्रॅम लिही, मोज, मग सूत्राशी ताडून बघ. सुरुवातीला देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांचा ६१७४ घे. कुठलेही चार अंक, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लावून येणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा कर, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. २०२४ घेतलं तर ४२२० − ०२२४ = ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, मग ६१७४, आणि तिथेच अडकतं. नेहमी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत पोचतं. सुरुवातीची शून्यं धरून एकूण ९,९९० संख्या, लूप लावला की क्षणात सगळ्या तपासून होतात. आणि मग स्वतःला विचार, हीच पद्धत 'प्रत्येक पूर्णांकासाठी' या शब्दांनी सुरू होणाऱ्या दाव्याला का चालणार नाही.

ते झालं की दुसरं, पण हे कागदावरच करायचं. तीनऐवजी चार अक्षरांचे गट घे: ललल‍ल पासून गगगग पर्यंत १६. सगळे एकेकदा येतील अशी १६ लघु-गुरूंची गोल ओळ बनव. अशा ओळी १६ आहेत, एक सापडली तरी पुरे. अंदाजाने अक्षरं लावत बसू नकोस, खोल्या आणि वाटा काढ. या वेळी खोल्या तीन अक्षरी असतील, म्हणजे आठ, आणि त्यांची नावं तुला शाळेपासून पाठ आहेत: य, म, त, र, ज, भ, न, स.